छापचित्राची कडा कापू नका

अभिलेखागाराच्या टेबलावर जुनं छापचित्र आलं की नवखा माणूस चित्र बघतो. तिथे मुरलेला माणूस आधी कागद पालथा घालतो. पाठ बघून झाली की चारही कडा, मग कोपरे, मग उजेडासमोर धरून कागदाची वीण. चित्राची पाळी सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही काय तऱ्हा! पुढे कळलं की छाप कधीची, कोणाची आणि कितव्या खेपेची, हे बहुतेक वेळा चित्राच्या बाहेरच सापडतं.

एका प्रादेशिक संग्रहात मी काही महिने सूचीच्या कामाला जात होतो. देणगीत आलेली एक चौकट उघडायची होती. आत नदीकाठचं गाव, डावीकडे बुरूज, पाण्यात दोन नावा. रंग हाताने भरलेले, आकाश अजून निळं. आणि कागद चारही बाजूंनी चित्राला घासून कापलेला. चौकट लहान, कागद मोठा, म्हणून कोणीतरी कात्री कागदावर चालवली होती. शीर्षक गेलं, चितारणाऱ्याचं नाव गेलं, प्रकाशकाची ओळ गेली. राहिलं ते नुसतं 'नदीकाठचं गाव', आणि अशी गावं जगात हजारो. या चित्राकडे मी शेवटी परत येणार आहे. तोवर, कापून टाकलेल्या त्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीत एवढं असतं तरी काय, ते बघू.

छाप कशावरून पडली?

एखाद्या पृष्ठभागावर चित्र करायचं, त्याला शाई लावायची आणि ते कागदावर उतरवायचं, की झालं छापचित्र. पृष्ठभाग लाकडाचा असेल, तांब्याचा असेल, दगडाचा असेल. त्यावरून शेकडो प्रती निघतात आणि त्या सगळ्याच अस्सल असतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: आपल्या हातातली प्रत नेमकी कशावरून पडली? त्याचं उत्तर दहा पटीचं भिंग आणि एक साधी बॅटरी देते. यंत्रं नंतर.

सगळ्यात जुनी रीत उठावाची. लाकडाच्या फळीवर रेघा तेवढ्या ठेवायच्या, बाकीचं लाकूड कोरून काढायचं. उरलेल्या उंचवट्याला शाई लागते आणि तीच कागदावर येते. रबरी शिक्का जसा. चीनमध्ये छापलेल्या वज्रसूत्राच्या गुंडाळीवर इ. स. ८६८ ची तारीख आहे, आणि तिच्या सुरुवातीला बुद्धाचं असं लाकडी ठशाचं चित्र आहे. काम इतकं सफाईदार की ही कला त्याआधी बराच काळ हातात घोळलेली असणार, हे उघड दिसतं. अशा छापेत भिंगाखाली रेघेच्या काठाशी शाई किंचित दाटलेली दिसते. मधून दाबली गेल्यामुळे ती काठाकडे सरकते. कागद पालथा करून बोट फिरवलं तर कधीकधी रेघांचे उंचवटे हाताला लागतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये टॉमस ब्युइकने याच रीतीला धार आणली. फळीच्या आडव्या अंगावर कोरण्याऐवजी तो बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ओंडक्याच्या आडछेदावर कोरायचा, आणि तेही तांब्यावर कोरायच्या बारीक हत्याराने. रेघ केसासारखी आली. शिवाय ठसा छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्याच उंचीचा, त्यामुळे मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापता आलं. १८४२ साली लंडनमध्ये सचित्र साप्ताहिक निघालं ते याच्याच जोरावर. पण बॉक्सवुडचं खोड बारीक असतं, मोठा ठसा त्यातून निघत नाही. म्हणून लहान लहान तुकडे बोल्टने जोडत. घाईचं काम असेल तर तुकडे वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटून देत आणि कोरून झाल्यावर पुन्हा जुळवत. त्या सांध्यांच्या पुसट पांढऱ्या रेघा आजही चित्रात उभ्या-आडव्या दिसतात. एखाद्या लढाईच्या चित्रात आकाश कापत गेलेली सरळ पांढरी रेघ दिसली तर ती कागदाची घडी समजून दाबायला जाऊ नका.

दुसरी रीत नेमकी उलटी. तांब्याच्या पत्र्यावर रेघ खोल कोरायची, किंवा आम्लाने खोल खायला लावायची. सगळ्या पत्र्याला शाई फासायची, वरची पुसून घ्यायची, खाचांतली तेवढी ठेवायची. मग ओलसर कागद वर ठेवून जबरदस्त दाबाच्या दोन रुळांमधून काढायचा. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. त्यामुळे रेघ कागदावर किंचित उभी राहते. बॅटरी टेबलाच्या पातळीत, जवळजवळ आडवी धरली तर प्रत्येक रेघेची बारीक सावली पडते. आणि चित्राभोवती, दोन बोटं सोडून, पत्र्याच्या काठाचा दबलेला चौकोन दिसतो. ही झाली पत्र्याची खूण. बोटाला पायरीसारखी लागते. आमच्या नदीकाठच्या चित्रावर ती नव्हती. कात्री तिच्या आतून गेली होती.

आम्लाच्या रीतीतलाच एक प्रकार म्हणजे ॲक्वाटिंट. पत्र्यावर राळेची पूड पसरून तापवायची. दाण्यांच्या मधल्या फटींतून आम्ल तांबं खातं आणि छापेत रेघेऐवजी धूसर छटा येतात. भिंगाखाली ही छटा वाळलेल्या तळ्याच्या गाळासारखी भेगाळलेली दिसते. टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी हिंदुस्थानची १४४ दृश्यं १७९५ ते १८०८ या काळात अशीच छापली आणि प्रत्येकात हाताने रंग भरले. हाताने रंग भरलेल्या दोन प्रती कधीच सारख्या नसतात. एकीत पहाटेचं आकाश, दुसरीत संध्याकाळचं. दोन्ही बरोबर.

तिसरी रीत दगडाची. आपल्याकडे जिला शिळाछाप म्हणत आले, ती. बव्हेरियातल्या अलॉइस झेनेफेल्डरला १७९६ च्या सुमारास स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती, त्या खटपटीतून ती निघाली. यात उठाव नाही आणि खाचही नाही. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार. गुळगुळीत चुनखडीच्या पाट्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, त्यावर प्रक्रिया करायची, मग पाटा पाण्याने ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते, तेलकट जागा धरत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते. छापून झालं की पाटा घासून पुन्हा कोरा करत. जुन्या लाकडी ठशांचे नमुने संग्रहालयांत दिसतात. शिळाछापेत मात्र पुढचं चित्र मागच्याला पुसूनच येतं. पाटा पुसला की त्या चित्राचे साक्षीदार फक्त छापलेले कागद.

रंगीत शिळाछापेत प्रत्येक रंगाला वेगळा पाटा लागतो. एका चित्राला दहा-पंधरा पाटे म्हणजे नवल नव्हतं. कडेला बारीक फुल्या किंवा टिंबं दिसली तर ती रंग एकमेकांवर नेमके बसवायच्या खुणा असतात. म्हणजे पुन्हा कडाच. या छापेवर वार्निश देऊन, कापडासारखा पोत दाबून तिला तैलचित्राचं रूप दिलं की तिला ओलिओग्राफ म्हणतात. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवदेवतांची चित्रं याच जातीची. लोक त्यांना 'तैलचित्र' म्हणून घेऊन येतात. भिंग लावलं की रंगीत ठिपके दिसतात, मग चेहरा पडतो. तो पडायचं खरं तर कारण नाही.

हाफटोन ओळखायला सगळ्यात सोपा. भिंगाखाली ओळीने मांडलेले, लहानमोठे पण ठरावीक अंतरावरचे ठिपके. जाळीतून फोटो काढून केलेला हा ब्लॉक १८९० नंतर सगळीकडे पसरला. जुन्या तांब्याच्या छापेत असे शिस्तीत उभे ठिपके दिसले, तर समोर आहे ती त्या छापेची नंतर कोणी पुस्तकासाठी केलेली नक्कल.

पहिली प्रत, हजारावी प्रत

रीत कळली तरी 'कधी छापलं' ते कळत नाही. पत्रा किंवा ठसा शंभर वर्षं जगतो, माणूस जगत नाही. कोरणारा गेल्यावर त्याच्या पोरांनी, सावकाराने, व्यापाऱ्याने त्याच पत्र्यावरून छापा काढत राहावं, असं सर्रास व्हायचं.

ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा गेंडा घ्या. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना भेट मिळालेला गेंडा १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूरर न्यूरेंबर्गला. त्याने प्राणी पाहिलाच नाही. आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याच वर्षी लाकडी ठसा केला. कातडीला चिलखतासारखे पत्रे आणि खांद्यावर एक जादा शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. चित्र इतकं खपलं की ड्यूरर गेल्यावरही ठसा हातोहात फिरत राहिला. लाकूड वाळलं, तडकलं, त्याला कीड लागली. नंतरच्या प्रतींत गेंड्याच्या पायांतून आरपार गेलेली पांढरी भेग दिसते आणि किडीच्या भोकांचे पांढरे ठिपके दिसतात. वरचा खिळ्यांचा मजकूरही आवृत्तीगणिक बदलला. म्हणजे प्रत कितवी हे ठरवताना गेंड्याकडे बघायचंच नाही. भेग कुठवर पोचली ते बघायचं.

होकुसाई या जपानी चित्रकाराच्या मोठ्या लाटेचंही तेच. १८३१ च्या सुमाराचं हे चित्र; ठसा झिजत गेला तशी शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटत गेली. रेघ अखंड म्हणजे प्रत लवकरची. तांब्याची झीज अजून लवकर होते. बारीक कोरलेल्या पत्र्यावरून काही शे चांगल्या प्रती निघतात, मग रेघ फिकट होत जाते आणि कोणीतरी ती पुन्हा खोल करतो. असा मुद्दाम बदल केलेल्या प्रत्येक टप्प्याला 'स्टेट' म्हणतात. मराठीत 'अवस्था' म्हणायला हरकत नाही. रेम्ब्रां या डच चित्रकाराच्या, ख्रिस्ताच्या गाजलेल्या पत्र्याची कथा या बाबतीत जरा अंगावर येते. पत्रा झिजला होता. तो अठराव्या शतकात विल्यम बेली नावाच्या कॅप्टनने विकत घेतला, आपल्या हाताने दुरुस्त केला, त्यावरून प्रती काढल्या, आणि नंतर पत्र्याचेच चार तुकडे करून चार वेगळी चित्रं म्हणून छापली. त्यातला एखादा तुकडा कोणाच्या पेटीतून निघाला तर तो रेम्ब्रांचा म्हणायचा की बेलीचा? सूचीत दोघांचीही नावं लिहावी लागतात, आणि 'चार तुकडे केल्यानंतरची प्रत' हे शब्द गाळून चालत नाही.

कडेवरची अक्षरं

आता त्या दोन बोटं पट्टीकडे येऊ. युरोपीय रीतीच्या छापचित्राखाली बारीक लॅटिन शब्द असतात. डावीकडच्या नावापुढे 'डेल.' असेल तर त्या माणसाने चित्र रेखाटलं, 'पिंक्स.' असेल तर मुळात रंगवलं. उजवीकडच्या नावापुढे 'स्कल्प.' किंवा 'फेकिट' असेल तर त्याने पत्र्यावर कोरलं. 'एक्सकुडिट' म्हणजे प्रकाशक. 'लिथ.' म्हणजे शिळाछापेचा कारागीर किंवा छापखाना. छापचित्र हे बहुधा तीन-चार माणसांचं काम असतं, आणि कोण कुठे होता ते या अर्ध्या ओळीत असतं. चितारी जागेवर गेला होता आणि कोरणारा हजारो कोस दूर बसून ताडाच्या जागी ओक वृक्ष कोरत होता, असले घोळ इथूनच उलगडतात.

इंग्लंडमधल्या छापांवर तारखेची ओळही मिळते. विल्यम हॉगार्थ हा चित्रकार-कोरणारा आणि त्याच्या सोबत्यांनी नकलाखोरांविरुद्ध आरडाओरडा केला आणि १७३५ मध्ये कोरणाऱ्यांना हक्क देणारा कायदा लागू झाला. हक्क हवा तर छापेवर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख हवी. म्हणून 'पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रकाशित' अशी ओळ पत्र्याच्या तळाशी येते. मात्र ही तारीख पत्र्याची असते. त्याच पत्र्यावरून तीस वर्षांनी काढलेल्या प्रतीवरही तीच येणार.

मग प्रतीची तारीख कशी लावायची? कागद विचारायचा. उजेडासमोर धरला तर जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. साधारण १७५७ पासून इंग्लंडमध्ये विणलेल्या जाळीवरचा, रेघांविना एकसारखा कागद निघाला. त्यात जलचिन्ह सापडलं तर नशीब, कारण १७९४ नंतर करसवलतीसाठी बरेच इंग्लिश कागदवाले जलचिन्हात सालही घालत. तळाशी १७८८ ची ओळ आणि कागदात १८०१ चं जलचिन्ह, अशी जोडी मी स्वतः पाहिली आहे. पत्रा जुना, कागद नवा. छाप १८०१ च्या आधीची असणं शक्य नाही. किती नंतरची, ते जलचिन्ह सांगत नाही, कारण कागद गोदामात पडून राहतो.

शोधायचं कुठे

प्रादेशिक अभिलेखागारात 'छापचित्रे' असं लिहिलेलं कपाट असेल तर उत्तमच, पण त्यावर विसंबू नका. छापचित्रं सहसा दुसऱ्या कशाच्या तरी पोटात असतात. प्रवासवर्णनाच्या ग्रंथात, नकाशांच्या चपट्या खणात, खटल्याच्या कागदपत्रांत पुरावा म्हणून टाचलेली, एखाद्या घराण्याच्या पत्रव्यवहारात घडी घालून ठेवलेली. सूची करणाऱ्याने त्या दिवशी 'चित्र १' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून विषयाने शोधून काही मिळालं नाही तर नावाने शोधा, छापखान्याच्या नावाने शोधा, गावाच्या जुन्या स्पेलिंगने शोधा, आणि एवढं करूनही हाती काही नाही लागलं तर तिथल्या जुन्या सेवकाला विचारा. शेवटचा उपाय खरं तर पहिला करायला हवा.

सुट्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात बारीक आकडा असेल, 'खंड २, पृ. ११४' असा, तर ते पुस्तकातून फाडलेलं आहे. अशा वेळी एका बाजूची कडा शिवणीच्या भोकांची किंवा खडबडीत असते. ते पुस्तक त्याच इमारतीत असू शकतं, पान ११४ समोर फाटलेल्या कागदाची कड शिल्लक ठेवून.

आणि एक कळकळीची गोष्ट. ज्या गठ्ठ्यात, ज्या क्रमाने चित्र सापडलं, तो क्रम मोडू नका. चांगली चांगली वेगळी काढून फाइल करायचा मोह फार होतो. पण तुमचं चित्र एखाद्या सावकाराच्या हिशेबांत आणि पावत्यांत सापडलं, हीच कदाचित त्याच्याबद्दलची सगळ्यात मोलाची माहिती असेल. जागेच्या सोयीसाठी हलवावंच लागलं तर मूळ जागी 'इथून काढले, अमुक खणात ठेवले' अशी चिठ्ठी ठेवा.

जपायचं म्हणजे किती करायचं

थोडं. जतनाच्या नावाखाली झालेलं नुकसान कसरीने केलेल्या नुकसानीपेक्षा कमी नाही, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. चिकटपट्टी हा त्यातला पहिला गुन्हेगार. फाटलं की लोक पट्टी लावतात. काही वर्षांत गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तंतू पारदर्शक होतात. पट्टीचं प्लास्टिक निघून पडतं, डाग तिथेच राहतो. तज्ज्ञ हेच काम जपानी लांब तंतूंच्या पातळ कागदाने आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने करतो. फायदा असा की पन्नास वर्षांनी कोणाला ते काढावंसं वाटलं तर ओलाव्याने निघतं. जे निघत नाही ते लावायचं नाही, या कसोटीवर लॅमिनेशन, फेव्हिकॉल आणि पाठीला चिकटवलेला पुठ्ठा हे सगळेच नापास.

कागद स्वतःहून का कुजतो? जुना कागद चिंध्यांचा, म्हणजे लांब तंतूंचा. एकोणिसाव्या शतकात मागणी वाढली, चिंध्या पुरेनात. १८४४ च्या आसपास जर्मनीत केलरने लाकूड दळून लगदा करायची युक्ती काढली. या लगद्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं-तपकिरी पडतं. त्यात शाई पसरू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळ लावत, आणि तुरटीतून आम्ल तयार होतं. आम्ल तंतूंच्या लांब साखळ्या तोडत जातं. म्हणून १६०० चा चिंध्यांचा कागद आजही लवचीक असतो आणि १९०० चं वर्तमानपत्र हातात मोडतं. बाहेरून आम्ल येऊ नये म्हणून आम्लविरहित कागदाचं पाकीट आणि आम्लविरहित पुठ्ठ्याची चपटी पेटी. संग्रहाला पैसा कुठे घालायचा असेल तर तो आधी इथे घालावा.

बऱ्याच पाकिटांच्या कागदात आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. साध्या काळ्या छापेला ते छान. पण हाताने रंगवलेल्या चित्रात प्रशियन निळा असेल तर कार्बोनेटसारखा अल्कली त्याला उडवतो. तिथे कार्बोनेट नसलेला कागद लागतो. तांब्यापासून केलेल्या हिरव्याची वेगळीच तऱ्हा. तो कागदच खातो. चित्रातली झाडं पाठीमागे तपकिरी होऊन उमटलेली दिसतात आणि पुढे तिथून कागद तुटतो. पाठ आधी बघायची ती यासाठीही. शिशाचा पांढरा प्रदूषणातल्या गंधकाने काळा पडतो, आणि मग लाटेचा फेस किंवा घोड्याच्या कपाळावरचा टिळा काळा दिसू लागतो. तज्ज्ञ तो पुन्हा पांढरा करू शकतो. घरी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घेऊन बसू नये.

उजेडाचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा करून बघावा. छापचित्र मांडताना ५० लक्स उजेड ठेवायचा दंडक आहे. म्हणजे नजर बसली की दिसेल, पण खोली अंधारी वाटेल इतका. दिवसाला आठ तास मांडलं तर ४०० लक्स-तास झाले. भर उन्हाचा उजेड सुमारे १,००,००० लक्स. म्हणजे उन्हाची तिरीप चित्रावर पंधरा सेकंदही पडली नाही तोवर प्रदर्शनाचा अख्खा दिवस खर्ची पडला. वर उन्हातले अतिनील किरण वेगळेच. आणि हा खर्च भरून येत नाही: चित्र नंतर अंधारात ठेवलं तर झीज थांबते, गेलेला रंग परतत नाही. म्हणून संग्रहालयं तीन-चार महिने मांडून पुढे वर्षानुवर्षं चित्र पेटीत ठेवतात. 'चांगलं चांगलं दडवून ठेवतात' ही लोकांची तक्रार मी खूप ऐकली आहे.

ओलाव्याचं सूत्र त्यामानाने सोपं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिली की बुरशी धरू लागते, आणि खूप खाली गेली की कागद ठिसूळ होतो. पन्नासच्या आसपास स्थिर राहणं बरं. स्थिर या शब्दावर जोर आहे, कारण कागद ओलाव्याने फुगतो आणि वाळला की आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद अशा वेळी सुरकुततो किंवा फाटतो. म्हणून माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, चित्र फक्त वरच्या काठाला दोन छोट्या कागदी बिजागऱ्यांनी टांगतात, खालून मोकळं. चौकटीची काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये माउंटची जाडी हवीच. पन्हळी पुठ्ठा किंवा लाकडी फळी पाठीला असेल तर लगेच काढा. फळीतून निघणारं आम्ल तिच्या शिरांसकट कागदावर उमटतं.

पाणी शिरलं तर वेळेशी शर्यत असते. साधारण ४८ तासांत बुरशी सुरू होते. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला पूर आला आणि ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. ओल्या कागदाचं काय करायचं, याचं आजचं बरंचसं ज्ञान त्या संकटातून आणि त्यानंतरच्या प्रयोगांतून आलं. सगळं लगेच वाळवता येणार नसेल तर गोठवून ठेवायचं. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही आणि विचाराला उसंत मिळते. चकचकीत लेप असलेले कागद एकमेकांना चिकटायच्या आत वेगळे करायचे, कारण चिकटले की सुटत नाहीत.

हातमोज्यांबद्दल एक शब्द. टीव्हीवर पांढरे हातमोजे घालून कागद उचलताना दाखवतात. कागदाच्या बाबतीत बहुतेक तज्ज्ञ आता धुतलेले, कोरडे, उघडे हातच बरे म्हणतात. मोज्यात स्पर्श कळत नाही आणि धागा फाटक्या कडेत अडकतो. फोटो आणि धातूचा पत्रा यांची गोष्ट वेगळी. तिथे मोजे हवेत.

स्कॅन करताना

स्कॅन म्हणजे जतन, असा समज झाला आहे. स्कॅनमुळे मूळ कागद कमी वेळा बाहेर काढावा लागतो, हा त्याचा खरा उपयोग. ४२ × ५९.४ सेंटिमीटरचा कागद ६०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० टिंबं धरून, साध्या २४-बिट रंगात घेतला तर टिफ फाइल सुमारे ४०० एमबीची होते. शंभर चित्रांचे ४० जीबी, आणि तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हे धरून हिशेब करा. हाफटोन स्कॅन करताना छापेचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी यांची गाठ पडून लाटांसारखी नक्षी उमटते. तिथे रिझोल्यूशन वाढवायचं, चित्र पुसट करून नक्षी लपवायची नाही. शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा. आणि पाठीचा स्कॅन घ्या. कडा कापून 'नीटनेटकी' केलेली फाइल मला कोणी पाठवली की मला ती कात्री आठवते.

तर ते नदीकाठचं गाव. चौकटीच्या मागचा खिळ्यांनी ठोकलेला पुठ्ठा काढला तेव्हा आतून घडी घातलेला कागदाचा बोळा पडला. चौकट सैल होती, म्हणून खालच्या बाजूला पाचरीसारखा तो ठोसला होता. ओलावा देऊन, दोन दिवस वजनाखाली ठेवून तो उलगडला. तळाची पट्टी निघाली. पत्र्याची दबलेली पायरी, डावीकडे अर्धं नाव आणि 'डेल.', उजवीकडे पूर्ण नाव आणि 'स्कल्प.', मध्ये गावाच्या नावाची शेवटची चार अक्षरं. बाकीच्या तीन पट्ट्या नव्हत्या. पट्टी चित्राला जोडायची का, यावर दुपारभर वाद झाला. शेवटी जोडली नाही. चित्राच्याच पाकिटात वेगळ्या कप्प्यात ती ठेवली, आणि नोंदीत लिहिलं: 'तळाची कापलेली कड, १ तुकडा, चौकटीत पाचर म्हणून सापडली, घड्या ७.'